पाचवं घर

"कॉम्प्युटर कोणीही सुरू करायचा नाही," अन्सार सर म्हणाले आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कोरा कागद ठेवत गेले.

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हा क्लास होता. 'कोडिंग न शिकता स्वतःची वेबसाइट, फक्त चार रविवार' अशी जाहिरात वाचून आम्ही नऊ जण आलो होतो. माझ्या एका बाजूला केक करणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला बेदाण्याचे व्यापारी. अन्सार मुलाणी सर पस्तिशीचे असतील. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं अगदी सावकाश.

"वेबसाइट बनवायला आता काही येत नसलं तरी चालतं. तयार साचे मिळतात. चित्र ओढायचं, सोडायचं, मजकूर टाकायचा. ते मी दोन तासांत शिकवीन. पण ती चालायची असेल तर आधी कागदावर लिहा. कोण येणार? त्याची अडचण काय? आणि ती सुटली तर तो पैसे का देईल?"

बाकीचे लगेच लिहायला लागले. मी पेन धरून बसले. थोड्या वेळाने सर माझ्यापाशी आले.

"बोरस्ते मॅडम, काय विकायचंय?"

"काही नाही. माझ्याकडे विकायला काही नाहीये."

"मग क्लासला का आलात?"

मी खरं कारण सांगितलं नाही. रविवारी होस्टेलवर करमत नाही, चार माणसांत बसायला मिळेल म्हणून आले, हे कसं सांगणार? मी म्हटलं, "जागा शोधतेय. राहायला. तीन महिने झाले."

"मिळत नाही?"

"फोनवर मिळते. मग विचारतात, मिस्टर काय करतात? घटस्फोट झालाय म्हटलं की म्हणतात, अहो, जागा आत्ताच गेली."

सर हसले, पण ते हसू लगेच मावळलं. "मला नाव सांगितल्यावर जाते. सात वेळा गेलीये. लिहा की मग हेच."

त्या दिवशी मी कागदावर पहिली ओळ लिहिली : एकट्या बाईला खोली हवी आहे.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसायचे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहायचे. तिथे तीन वर्षांच्या वर राहता येत नाही. जानेवारीत वॉर्डन दाणी मॅडमनी पत्र हातात दिलं : एकतीस मार्चपर्यंत जागा रिकामी करावी. "बोरस्ते, माझ्या हातात असतं तर," एवढंच म्हणाल्या. आईवडील गेले होते. निफाडजवळच्या गावी भाऊ होता. तो फोनवर "ये की केव्हाही" म्हणायचा, आणि मला त्यात "किती दिवस?" ऐकू यायचं.

पुढचे तीन रविवार मी कॉम्प्युटरपुढे अक्षरशः मान मोडून काम केलं. साइटचं नाव ठेवलं 'एकटीचं घर'. पहिल्या पानावर खिडकीचा फोटो, खाली दोन बटणं : 'खोली हवी आहे' आणि 'खोली द्यायची आहे'. घरमालकांसाठी सहा प्रश्नांचा अर्ज. बाकीचे पाच प्रश्न भराभर लिहिले. 'घटस्फोटित स्त्री चालेल का?' एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. सर मागे उभे राहून बघत होते, हे नंतर कळलं.

"पैसे कुठून येणार?" त्यांनी विचारलं.

"घरमालकाला फुकट. बाईने साडेतीनशे रुपये भरायचे. मी आधी घर बघून येणार, मालकाशी बोलणार, मग तिला दाखवणार. म्हणजे दारात उभं राहून तिला कोणी नाही म्हणणार नाही."

"हे चालेल," सर म्हणाले. "पण घर नीट बघायचं. तुम्ही बघितलंय, यावर विश्वास ठेवूनच ती पैसे देणार. दुसरं काही नाही तुमच्याकडे."

लॅबमधून सुटल्यावर मी स्कूटीवरून घरं शोधत फिरू लागले. किराणावाल्यांना विचारायचे, इस्त्रीवाल्यांना विचारायचे. महिन्याभरात चाळीसेक दारं झाली. "वेबसाइट? म्हणजे तुम्ही एजंट का?" "एकट्या बाईला? नको हो, सोसायटीत नावं ठेवतात." महिनाअखेर चार घरं जमली. दोन लांब, एक तळघरासारखं. चौथं आडगावला वाळेकर नावाच्या माणसाचं. तिथे मी दुपारच्या सुट्टीत गेले, परत लॅबला जायची घाई होती. खोली स्वच्छ होती, नळाला पाणी होतं. मी दहा मिनिटांत दोन फोटो काढून निघाले.

पाचवं घर जेल रोडला मिळालं. लीलाबाई गायधनी, सत्तरीच्या. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या, नवरा गेलेला, मुलंबाळं नाहीत. वरच्या खोलीला बाहेरून जिना, पुढे छोटी गच्ची, गच्चीवर सोनचाफ्याची फांदी आलेली. समोरच्या गल्लीत शाळा. मी अर्जातले प्रश्न विचारायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

"कोणीही दे. नवऱ्याने टाकलेली दे, नवऱ्याला टाकलेली दे. माझं एकच म्हणणं. रोज येता-जाता जिन्यावरून आवाज द्यायचा, मावशी, जाते, मावशी, आले."

"लक्ष ठेवायला?"

"नाही गं. पूर्ण दिवसात कोणाला काही बोलायलाच मिळत नाही. परवा दूधवाला आला नाही, तर संध्याकाळी माझाच आवाज मला घोगरा लागला."

मी गच्चीत उभी होते. खाली त्या चहा करत होत्या, भांड्याचा आवाज येत होता. त्या क्षणी मी मनात ठरवलं, ही खोली माझी. लगेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. होस्टेलचा एक महिना बाकी होता, तेवढं भाडं वाचेल असा हिशेब केला. आणि चार घरांची साइट उघडीबोडकी दिसत होती. सर म्हणाले होते, पहिल्या पानावर निदान पाच तरी दाखवा. म्हणून मी गायधनी मावशींचं घर साइटवर टाकलं, जिन्याचा, गच्चीचा फोटो लावून. दिखाव्याला. एवढ्यात कोण बघणार होतं?

साइट सुरू झाली तो शनिवार. पुढचा मंगळवार, लॅबमध्ये दुपारची गर्दी ओसरली होती, आणि मोबाइल वाजला. साडेतीनशे रुपये जमा. मी खुर्चीतून उठलेच. आयुष्यात पगाराशिवाय माझ्या नावावर कधी काही आलं नव्हतं. शेजारच्या खिडकीतल्या बाईला सांगावंसं वाटलं, पण तिच्याशी माझं कधी 'जेवलात का' याच्या पुढे गेलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन एकटीच हसले. मग अर्ज उघडला.

ज्योत्स्ना अहिरराव, वय तेहतीस, एका खाजगी दवाखान्यात नर्स. निवडलेलं घर : जेल रोड.

तासाभरात तिचा फोन आला.

"ताई, फोटो बघितले. त्यात शाळा दिसतेय, ती अगदी समोर आहे का हो?"

"हो. तुम्हाला शाळा कशाला?"

"मुलगी आहे माझी, आठ वर्षांची. धुळ्याला भावाकडे ठेवलीये. मी इथे दवाखान्याच्या स्टाफ रूममध्ये राहते, तिथे तिला आणता येत नाही. भाऊ म्हणतो, जूनपर्यंत बघ, नाहीतर तू परत ये. ताई, मुलगी चालेल ना तिथे? अर्जात तो प्रश्नच नव्हता."

मावशींना मुलगी चालली असती. नुसती चालली नसती, त्यांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"बघायला रविवारी येऊ का?" ती म्हणाली.

मी काचेपलीकडच्या रिकाम्या बाकांकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "अहो, ती जागा आत्ताच गेली."

ती म्हणाली, "असं होय." नुसतं तेवढंच. ज्या आवाजात म्हणाली तो मी चांगला ओळखत होते.

"आडगावला एक आहे," मी घाईघाईने म्हटलं. "स्वच्छ आहे. मी बघून आलेय. शाळा बसच्या रस्त्यावर पडते. तुमचे पैसे वाया जाणार नाहीत."

"तुम्ही बघितलंय ना? मग चालेल ताई."

फोन ठेवल्यावर मी साइट उघडली. प्रत्येक घरापुढे एक खूण असते, हिरवी म्हणजे लोकांना दिसतं. पाचव्या घराची खूण मी दाबली. ती करडी झाली. एवढं सोपं होतं ते.

त्याच संध्याकाळी जेल रोडला जाऊन मावशींना म्हटलं, "कोणी विचारलं नाही अजून. मीच राहिले तर?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मला तू आलीस तेव्हाच वाटलं होतं. मीच भिडेने बोलले नाही."

एप्रिलमध्ये मी राहायला गेले. एक बॅग, एक गादी, लोखंडी कपाट. सकाळी जिन्यावरून ओरडायचे, "मावशी, जाते." आतून आवाज यायचा, "डबा घेतलास का?" पाच वर्षांत मला कोणी डब्याचं विचारलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही गच्चीत बसायचो. त्या प्रेसमधल्या गोष्टी सांगायच्या, मी लॅबमधल्या. साइटवर आणखी दोन बायकांनी पैसे भरले. मी सुखात होते, आणि ज्योत्स्ना अहिरराव हे नाव मनात आलं की दुसऱ्या कामाला लागायचे.

महिनाअखेरीस तिचा फोन आला.

"ताई, या वाळेकरांकडे खोलीची दुसरी किल्ली आहे. मी ड्युटीवर असले की ते आत येतात. काल माझे कपडे वाळत घातले होते, ते घडी करून ठेवलेले मिळाले."

मी विचारलं, "तुम्ही बोललात का त्यांना?"

"बोलले. म्हणाले, घर माझंच आहे, पंखा चालू राहिला का ते बघायला आलो होतो. मुलीला इथे कशी आणू मी?"

"मी दुसरी बघते. दोन दिवस द्या."

दोन दिवसांचे नऊ झाले. जी घरं होती त्यात मुलगी चालत नव्हती. एक घर होतं, आणि त्यात मी राहत होते.

मेचा पहिला रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. मी गच्चीत केस वाळवत होते. खाली फाटक वाजलं आणि एक बाईचा आवाज आला.

"मावशी, इथली वरची खोली भाड्याने द्यायची होती ना? वेबसाइटवर फोटो बघितला होता मी, त्यातल्या शाळेवरून घर शोधलं. जी बाई राहायला आली ती अजून आहे का? नाही, ती सोडणार असेल तर म्हणून. सहज विचारायला आले."

"आहे की," मावशींचा आवाज. "ती कशाला सोडतेय! ती वेबसाइटवालीच तर राहते. हेमांगी. तिने कितीतरी दिवस वाट बघितली बिचारीने, कोणी विचारलंच नाही. मग म्हटली, मीच राहते."

मला आत जाऊन दार लावून घेता आलं असतं. ते मी का केलं नाही, मला माहीत नाही. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

ती वर बघत होती. बारीक चणीची, नर्सचे पांढरे बूट घातलेली, खांद्याला पिशवी. ड्युटीवरून थेट आली होती. आवाजावरून मी तिला मोठ्या अंगाची समजत होते.

"तुम्ही हेमांगी मॅडम?" ती म्हणाली. इतके दिवस ती मला ताई म्हणत होती.

"हो."

"मी ज्योत्स्ना."

"ओळखलं."

"मी फोन केला त्या दिवशी जागा गेली होती का?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या, मग तिच्याकडे. त्यांना कळायला लागलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला होस्टेल सोडायचं होतं. मला कोणीच..."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"मी ही खोली सोडते," मी खाली येत म्हटलं. "आजच. तुम्ही या. मुलीला आणा. मावशी, चालेल ना?"

ज्योत्स्ना उठली. "नको."

"अहो, पण तुम्हाला गरज आहे."

"आहे. पण माझी मुलगी इथे येणार, आणि रोज मला आठवणार की ही जागा मिळाली कशी. मला नाही जमणार, मॅडम. आणि आज तुम्ही सोडाल, उद्या तुम्हाला पुन्हा लागली तर?" मग मावशींना म्हणाली, "तुम्हाला उगीच त्रास दिला." फाटक तिने नीट लावून घेतलं.

मावशी ओट्यावर बसून होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"तू मला म्हणाली होतीस कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिला मुलगी आहे?"

"आठ वर्षांची."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासूनही मी जिन्यावरून म्हणायचे, "मावशी, जाते." आतून "हं" यायचं. त्यांनी मला एका शब्दाने निघ म्हटलं नाही. पण संध्याकाळी त्या गच्चीत येईनाशा झाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. होस्टेलवर वीस बायकांत मी एकटी होते, ते मला सोसत होतं. त्या गच्चीतलं एकटेपण मी स्वतःच्या हाताने केलं होतं, ते मला महिनाभरही सोसलं नाही. मेअखेरीला मी इंदिरानगरला तीन मुलींबरोबर एक कॉट भाड्याने घेतली.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी ज्योत्स्नाला फोन केला. वाटलं, आता रिकामीच आहे, आता तरी घेईल. दोनदा तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"जेल रोडची खोली रिकामी झालीये. मावशींशी मी बोललेय. त्या म्हणाल्या, मुलीला घेऊनच ये."

"मी धुळ्याला आलेय, मॅडम. नोकरी सोडली. मुलीचं नाव इथल्याच शाळेत पुन्हा घातलं. भाऊ म्हणाला, बघितलंस ना जमतं का."

मागे कोणीतरी भांडी घासत होतं. एक लहान मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. रागाने नाही. नाव विचारल्यावर सांगावं तसं. मग म्हणाली, "त्या आडगावच्या खोलीत दुसरी कोणी जाऊ देऊ नका."

"काढलंय मी ते घर."

"बरं केलंत." आणि फोन बंद झाला.

त्या आठवड्यात मी साइट बंद करायला बसले होते. बंद करायलाही एकच बटण होतं. अन्सार सरांना तेवढं कळवावं म्हणून फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं.

"बंद केलीत तर तिचं काय भलं होईल?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग तिने सांगितलेलं तरी पुरं करा. नुसतं ते एक घर काढून होईल का?"

दुसऱ्या दिवशी मी कुलूपवाल्याला बरोबर घेऊन साइटवरच्या प्रत्येक घरी गेले. नवं कुलूप माझ्या खर्चाने, दोन्ही किल्ल्या भाडेकरू बाईच्या हातात, मालकाकडे एकही नाही. मान्य नसेल तर घर साइटवर राहणार नाही. एक मालक माझ्या अंगावर धावून आला. दोघांनी फोन घेणं बंद केलं. तोवर साइटवर सहा घरं झाली होती, त्यांची तीन उरली. सरांनी सांगितल्याप्रमाणे ती कुलपाची ओळ मी पहिल्या पानावर सगळ्यात वर टाकली. अर्जात सातवा प्रश्न घातला : 'मूल बरोबर असेल तर चालेल का?' आणि स्वतःसाठी एक नियम केला, साइटवर आलेल्या घरात मी राहणार नाही.

जुलैत एका दवाखान्यातल्या चार नर्स एकदम आल्या. त्यांच्याकडून कळून आणखी बारा. पुढच्या दिवाळीला लॅबची नोकरी सोडली. आज दहा वर्षं झाली. 'एकटीचं घर' पाच शहरांत चालतं, माझ्याकडे सहा बायका कामाला आहेत, आणि मला अजूनही कोडिंगचा एक शब्द येत नाही. कुठे बोलायला बोलावतात तेव्हा हमखास विचारतात, कुलपाची कल्पना कशी सुचली? मी म्हणते, एका ग्राहकाने सुचवली. लोक टाळ्या वाजवतात.

गायधनी मावशी चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या वरच्या खोलीत शेवटपर्यंत कोणी ना कोणी राहिलं. एक मालेगावची शिक्षिका तर मुलासकट तीन वर्षं होती. तिनेच मला मावशी गेल्याचं कळवलं. मी गेले तर अंगणात बायकाच बायका होत्या, सगळ्या कधी ना कधी वर राहून गेलेल्या. एकमेकींना ओळखत होत्या. मी कोण, ते त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. थोडा वेळ उभी राहून परत आले.

गेल्या वर्षी धुळ्यातही घरं द्यायला सुरुवात केली. अर्ज बघायचं काम आता ऑफिसातल्या मुली करतात. पण धुळ्यातले आणि धुळ्याहून आलेले अर्ज मी कोणाला उघडू देत नाही. नाव आधी मी वाचते. ज्योत्स्ना आता त्रेचाळीसची असेल. मुलगी अठराची, म्हणजे कॉलेजला बाहेरगावी जायच्या वयाची. आडनाव अहिरराव असेल असं धरून मी यादीत खाली खाली जाते. अजून ते नाव आलेलं नाही.